तैयबच्या घरातली नवी तार

स्फाक्स, ८ ऑक्टोबर

प्रिय मोंजिया,

काल बोलता बोलता तू कपाळाशी हात नेलास आणि तिथेच अडकलीस. मी बराच वेळ तसाच बसून होतो. कपाळाशी हात नेऊन माणूस ‘विसरले’ म्हणू शकतो, ‘डोकं दुखतंय’ म्हणू शकतो, ‘तुझ्या डोक्यात काही शिरतं का’ असंही म्हणू शकतो. मग चित्र हललं तेव्हा तू खुर्चीतच नव्हतीस. म्हणून हे लिहायला बसलो.

ऐकणाऱ्यांचं बरं असतं. चित्र गोठलं तरी त्यांचा आवाज येत राहतो, गप्पा चालू राहतात. आपण दोघं जन्मापासून बहिरे, आपलं सगळं बोलणं हातांत. हात थांबला की वाक्य तिथेच मेलं. मोबाइलवरून बोलावं तर आमच्या या जुन्या इमारतीच्या भिंतींत रेंज शिरत नाही, आणि दोन-दोन ओळींचे मेसेज तुला-मला कधी पुरले आहेत? शाळेच्या वसतिगृहातून आईला लिहायचो, तशी पत्रंच बरी. ती तेवढी या सडक्या तारेतूनही जातात.

गंमत बघ. ज्या घरात फोन उचलणारं आता कुणीच नाही त्या घरात मी फोनची तार बाळगून आहे, कारण इंटरनेट त्या तारेतून येतं. म्हणजे येतं असं त्या लोकांचं म्हणणं.

तू जे विचारत होतीस ते अर्धवट दिसलं तरी कळलं. शेदलिया वहिनी गेल्याला चार वर्षं झाली, एकटा काय करतोस, ओरानला आमच्याकडे ये. मोंजी, मी येणार नाही. माझं बुटांचं दुकान इथे आहे, घर इथे आहे, शेदलियाची कबर इथे आहे. आणि आता तर येण्याची गरजही उरणार नाही. आमच्या गल्लीतल्या खांबावर फायबरची काळी पेटी बसली आहे. समोरच्या दारातल्या जलीलाने सांगितलं. तीच, जिला शेदलियाने आपली भाषा शिकवली होती. अजूनही तिचे हात बोबडं बोलतात, पण माणूस चांगला आहे. ती म्हणते, तांब्याची तार काढून काचेची घालतात आणि चित्र पाण्यासारखं स्वच्छ येतं. ते एकदा झालं की तू मला रोज बघ, जेवताना बघ, घोरताना बघ. मग माझी काळजी करायला तुला कारणच राहणार नाही.

माझ्या मेहुण्याला, हुआरीला, सलाम सांग.

तुझा दादा,
तैयब


ओरान, ११ ऑक्टोबर

प्रिय दादा,

कपाळाला हात लावला कारण कुसकुस चुलीवर होतं आणि मी ते विसरले होते. खालचं सगळं करपलं. हुआरीने मुकाट्याने खाल्लं, म्हणजे हातही न हलवता. त्याचा राग असाच असतो.

तुला मी गोठलेली दिसते, पण मला तू कसा दिसतोस माहीत आहे? हमामच्या भिंतीवरच्या फरशांसारखा. चौकोन, चौकोन, आणि त्यात कुठेतरी मिशी. तू हसतोस की तोंड वाकडं करतोस हे मी अंदाजाने ठरवते. गेल्या महिन्यात तू काहीतरी सांगत होतास आणि मी सारखी मान डोलवत होते. नंतर कळलं की तू शेजाऱ्याच्या मयताचं सांगत होतास.

आमच्याकडे फायबर आलं तेव्हा एक माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, कॉफी प्यायला आणि गेला. दुपारच्या जेवणाआधी सगळं चालू. तेव्हा तू म्हणतोस ते खरं असेल. आण तुझी तार. पण माझी एक अट आहे. तार आली की आपण दोघं समोरासमोर बसायचं आणि ओरानला येण्याबद्दल एकदा नीट बोलायचं. ‘चित्र अडकलं’ म्हणून तुला सुटता येणार नाही. आजवर तू किती वेळा त्याच्यामागे लपला आहेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. शाळेत पोरांना शिकवते मी, बहाणे मला लांबून ओळखू येतात.

दुकानाचं तू हल्ली काहीच सांगत नाहीस. थंडीच्या बुटांची कामं आली का?

तुझी,
मोंजी


स्फाक्स, २ नोव्हेंबर

प्रिय मोंजिया,

रागात लिहितो आहे, चुका झाल्या तर सांभाळून घे.

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईला कागद दाखवला, त्यावर लिहिलं होतं की मला जुनी लाइन बदलून फायबर हवं. तिने माझ्याकडून सह्या घेतल्या, ओळखपत्राची प्रत घेतली आणि एक छापील चिठ्ठी दिली. त्यावर एक फोन नंबर. मी कानाकडे बोट दाखवलं आणि खाली लिहिलं, ‘मी बहिरा आहे.’ ती कळवळली बिचारी. तिने पेन घेतलं आणि त्याच्याखाली लिहिलं, ‘मग सकाळी लवकर करा, तेव्हा लाइन मोकळी असते.’

शेवटी जलीलाने नगरपालिकेतल्या तिच्या टेबलावरून फोन केला. गुरुवारचा दिवस मिळाला. गुरुवारी मी सकाळपासून दारातच खुर्ची टाकली. दार सताड उघडं, तोंड जिन्याकडे. दाराची बेल वाजली की माझ्याकडे दिवा लागतो, पण लाइट गेले तर काय, म्हणून दिव्याच्या भरवशावरही राहिलो नाही. जेवणसुद्धा मांडीवर घेऊन केलं. जिन्यातून वर गेली ती तिसऱ्या मजल्यावरची मांजर आणि गॅसवाला. दुसरं कुणी नाही.

संध्याकाळी मेसेज आला: ‘आमचा कर्मचारी आपल्या पत्त्यावर आला होता. ग्राहक घरी सापडला नाही.’

मोंजी, मी दारात बसलो होतो. दारात. याहून जास्त घरी कसं असायचं माणसाने? छातीला कंपनीची पाटी लावून खांबावर चढायचं होतं का? हे लोक कुठल्या तरी कॉफीघरात बसून ‘सापडला नाही’ लिहितात आणि दिवस भरतात. कारण त्यांना ठाऊक असतं, बहिरा माणूस फोन करून भांडू शकत नाही.

दुकानाचं काय सांगू. चाललं आहे.

तैयब


ओरान, ६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

वाचून माझंच रक्त उकळलं. हुआरीला मी सगळी हकिगत करून दाखवली, त्या खिडकीतल्या बाईसकट. तो आधी हसला आणि मग म्हणाला, ‘हसण्यासारखं काही नाही यात.’ त्याच्या आईच्या औषधांसाठी तोही असाच हिंडला होता.

तो म्हणतो, दारावर पाटी लाव: ‘घरात बहिरा माणूस आहे. सरळ आत या, खांद्याला हात लावा.’ मला पटलं. लाव.

आणि नमतं घेऊ नकोस. पुन्हा तारीख माग. ‘आला होता’ म्हणतात त्या माणसाचं नाव माग. आपली माणसं दोन खेटे घालतात आणि ‘जाऊ दे’ म्हणून घरी बसतात, त्यावरच हे सगळे माजलेत. आता गोष्ट फक्त तुझ्या-माझ्या गप्पांची राहिली नाही.

मोंजी


स्फाक्स, २९ नोव्हेंबर

प्रिय मोंजिया,

हे जलीलाच्या घरून, तिच्या कॉम्प्युटरवर लिहितो आहे. माझ्याकडे आता काहीच नाही.

झालं असं की फायबरचा अर्ज नोंदला गेला म्हणून त्यांनी जुनी लाइन ऑफिसात बसल्या बसल्या बंद करून टाकली. नवी आलीच नाही आणि जुनी गेली. राउटरवरचा एक दिवा नुसता डोळे मिचकावतो. मी विचारायला गेलो तर तीच बाई. तिने लिहून दिलं, ‘आपण आता फायबरचे ग्राहक आहात.’ अभिनंदन केल्यासारखं हसली.

दुसरी तारीख मिळाली होती. पाटी मी लावली नाही. मी चाळीस वर्षं दुकान चालवलं, लोकांच्या पायाचं माप घेतलं, कुणाच्या दयेवर नाही. दाराला ‘बहिरा आहे’ लिहून लटकवणार नाही. पुन्हा दारात बसलो. पुन्हा कुणी आलं नाही. पुन्हा संध्याकाळी तोच मेसेज, अक्षर न बदलता.

या वेळी मी नाव मागितलं. नेजी नावाचा माणूस आहे. दोन्ही वेळा तोच. मी लेखी तक्रार दिली. त्याच्या नावानिशी.

एका गोष्टीने मन खट्टू झालं. जलीला मला विचारत होती, ‘तैयबभाई, तुम्ही नक्की दारातच होतात? डोळा लागला असेल.’ मी म्हणालो, ‘म्हातारा झालो असेन, पण दिवसाढवळ्या खुर्चीत झोपत नाही.’ ती म्हणाली, ‘तसं नाही. तो माणूस म्हणतो तो जिन्यात आला होता. म्हणतो, हातसुद्धा केला.’ म्हणजे ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं खरं, आणि रोज तिच्यासमोर राहणारा मीच खोटा. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. आज तिनेच दार वाजवलं, म्हणजे दिवा लावला, आणि म्हणाली, ‘बहिणीला लिहायचं असेल ना, या.’ म्हणून आलो.

तैयब


ओरान, ३ डिसेंबर

प्रिय दादा,

तू सरळ माणूस आहेस, म्हणून लोक तुला खोटा पाडतात. जलीला भली असेल, पण ऐकणारे शेवटी ऐकणाऱ्यांचीच बाजू घेतात. ‘हातसुद्धा केला’ म्हणे. बहिऱ्याला हात दिसत नाही असं कुठे होतं का? आपल्याला दुसरं दिसतंच काय?

मी गप्प बसले नाही. काल शाळा सुटल्यावर कंपनीच्या ट्युनिसमधल्या मुख्य कचेरीला पत्र पाठवलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडून भाषा तपासून घेतली. त्यातलं एक वाक्य तुला देते: ‘ज्याला तुमच्या फोनवर भांडता येत नाही अशा माणसाच्या दारापर्यंतही न जाता तुमचा कर्मचारी खोटी नोंद करतो, आणि तुमची कंपनी ती खरी मानते.’ नेजीचं नाव दोनदा घातलं. बाई म्हणाल्या, एकदा पुरे. मी म्हणाले, तो दोनदा आला नाही, दोनदाच असू दे.

पाठवल्यावर कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

तुला पाहून दोन महिने होत आले. चौकोनांतला का होईना, दिसायचास तरी.

मोंजी


स्फाक्स, १९ डिसेंबर

प्रिय मोंजिया,

तार आली. आणि सगळी फसवणूक आहे.

तुझ्या पत्राने काम केलं असणार, कारण आज नेजी आला. सोबत एक साहेब आणि त्यांना वर घेऊन आलेली जलीला. साहेब दारात उभा राहून माझी सही घेऊन गेला. नेजी मागे राहिला. तिशीचा असेल, माझ्याकडे बघायलाही तयार नाही. खांबावरून केसासारखी बारीक तार आणली, खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, एका लहानशा यंत्रात तिचं टोक दुसऱ्या टोकाला चिकटवलं. भिंतीवर पांढरी डबी बसवली, जुना राउटर काढून माझ्या हातात दिला. नवा जोडला. हिरवा दिवा लागला. मला वाटलं, आता जिंकलो.

मी तयारी केली होती. कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडून घेतला होता, म्हणजे तू भिंतभर दिसशील. आणि मग तुला लावलं. तू पाहिलंसच काय झालं ते. सुरुवातीला तुझा चेहरा अगदी स्वच्छ दिसला. पण तू बोलायला लागलीस आणि हातच गेले. कधी हनुवटी दिसते, कधी एक कोपर. तू विचारत होतीस, मी उत्तर देऊ कशाचं? पाच वेळा ‘पुन्हा सांग’ म्हणालो. शेवटी तू रडायला लागलीस तेही मला उशिरा दिसलं.

मी नेजीला बोलावलं आणि टीव्हीकडे दाखवलं, बघ तुझं काम. त्याने बघितलं, राउटर बघितला, खांदे उडवले. जलीलाने त्याचं बोलणं हातांनी सांगितलं, ‘तो म्हणतो चित्र एकदम छान आहे.’ छान म्हणे. मी म्हणालो, ‘हात कुठे आहेत तिचे?’ यावर तो जरासा हसला. जलीला हसली नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली.

मी पुन्हा तक्रार करणार आहे. तूही ट्युनिसच्या मुख्य कचेरीला पुन्हा लिही.

तैयब


ओरान, २० डिसेंबर

दादा,

मी कुणालाही लिहिणार नाही. आधी हे शेवटपर्यंत वाच, मध्येच उठू नकोस.

चित्र चांगलं होतं. माझ्या बाजूनेही. शेदलियाच्या मयताला आले होते त्यानंतर मी तुला काल पहिल्यांदा पाहिलं. चार वर्षं मी चौकोन बघत होते. काल माझा भाऊ दिसला. तुझ्या डाव्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा व्रण आहे, चांगला लांब. तो कधीचा? एका गालावरची दाढी करायची राहिली होती. जलीलाने तुझ्या कोपराशी चहाचा पेला ठेवला, आणि तिने तो ठेवल्यावर तू हात फिरवलास आणि सगळा चहा टेबलावर. तुला वाटलं तिने चुकीच्या जागी ठेवला. नव्हता ठेवला. मी पाहत होते.

आणि नेजी तुझ्या उजव्या हाताला उभा होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं, वायर कुठून घ्यायची असं काहीतरी. त्याने तुला हात केला. एकदा, मग पुन्हा, मग वायर धरून हलवली. तुझ्या खांद्यापासून फार तर दोन हात लांब. तू समोर बघत राहिलास. तो थांबला आणि त्याने जलीलाकडे पाहिलं, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जे आलं ते पाहून मी रडायला लागले. तू म्हणतोस तसं चित्रामुळे नाही.

दादा, तो आला होता. दोन्ही वेळा आला होता. त्या अंधाऱ्या जिन्यात उभा राहून हात करत होता, उत्तर येईना म्हणून परत फिरत होता, आणि तू त्याच्याकडे तोंड करून बसला होतास.

गाबेसची मब्रूका आत्या तुला आठवते. मला कित्येक वर्षं वाटायचं की ती गर्विष्ठ आहे, बाजूने गेलं तर ओळख देत नाही. तीही आपल्यासारखीच बहिरी. आधी तिला संध्याकाळचं दिसेना. मग नजरेचा घेर आकसत आकसत गेला, जणू नळीतून बघावं तसा. शेवटी बाबा तिचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांतच बोलायचे. घरात कुणी त्या दुखण्याचं नाव घेत नव्हतं.

माझे हात टीव्हीतून गेले नव्हते. भिंतभर मोठं चित्र, आणि तुझा घेर केवढा राहिला आहे? मला सांग. छोट्या फोनवर मला लाव आणि फोन हातभर लांब धर. मी काळा कुर्ता घालून बसेन, मागे पांढरी भिंत. रोज जेवणानंतर बसेन. तुला वाटेल तेव्हा लाव.

आणि मी त्या नेजीबद्दल काय काय लिहिलं आहे ते आठवून मला जेवण जात नाही.

मोंजी


स्फाक्स, ९ जानेवारी

प्रिय मोंजिया,

तीन आठवडे तू काळा कुर्ता घालून बसत होतीस, हे काल कळलं. मी लावलं नाही कारण मला तुझा राग आला होता. त्या तारेसाठी मी ऑक्टोबरपासून भांडलो, म्हणजे तुला मी सुखरूप दिसेन आणि तू ओरानचं नाव काढणार नाहीस. आणि तिने पहिल्याच दिवशी मला तुझ्यासमोर उघडं पाडलं. चौकोनच बरे होते.

काल छोट्या फोनवर तू अख्खी मावलीस, डोक्यापासून हातांपर्यंत. एकही शब्द सांडला नाही. पण तुझा चेहरा समोर असताना मला सांगता येईना, म्हणून आपण लिंबाच्या झाडाबद्दल बोललो. आता लिहितो.

मला दोन वर्षांपासून माहीत आहे. डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढलं, आत अजून एक, आणि आतल्यावर बोट ठेवलं. औषध नाही म्हणाले. मी तो कागद तिथेच टाकला. अंगठा गेल्या रमझानच्या आधी कापला. चामडं नीट दिसत होतं, सुरीही दिसत होती, अंगठा दिसला नाही. त्यानंतर दुकान भाड्याने दिलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. तू विचारायचीस आणि मी ‘चाललं आहे’ लिहायचो. चाललंच आहे, फक्त माझं नाही. आणि तारेचं म्हणशील तर ती खरंच खराब होती. त्यामुळे मला सोपं गेलं. जे दिसत नव्हतं ते सगळं मी तिच्या नावावर टाकलं, आणि खरं सांगतो, पुढे पुढे माझं मलाही वेगळं करता येईना की तार कुठे संपते आणि डोळे कुठे सुरू होतात. नेजी आलाच नाही हे मी खोटं सांगत नव्हतो. माझ्यासाठी तो आलाच नव्हता.

आता त्याचं ऐक. तुझ्या पत्राने त्याला घरोघरचं काम बंद करून गोदामात बसवलं होतं. आमच्याकडे त्याला चूक दुरुस्त करायला म्हणून साहेबाने धरून आणलं होतं. जलीलाकडून हे कळलं तेव्हा मी तिला घेऊन ऑफिसात गेलो, तक्रार मागे घ्यायला. ती बाई म्हणाली, त्यासाठी फोन करावा लागेल. मी त्या बाईकडे पाहिलं, तिनेही माझ्याकडे पाहिलं. तीही कंटाळलेली दिसली.

जलीलाने तिथेच फोन लावला. बराच वेळ ती कुणाकुणाशी बोलली. मग तिने फोन कानापासून दूर केला आणि मला म्हणाली, ‘ते म्हणतात, तक्रार ज्याची आहे त्याचाच आवाज हवा. मी सांगितलं तुम्ही बहिरे आहात. म्हणतात, नियम आहे.’ तिचे हात इतके रागावले होते की बोबडेपणा गेला होता.

मोंजी, तुला आठवतं, शाळेत आपले हात पाठीशी धरायला लावून आपल्याकडून तोंडाने बोलून घ्यायचे. घशाला मास्तरांची बोटं लावून. शाळा सुटली त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुन्हा नाही. शेदलिया ऐकणारी होती, तिनेसुद्धा माझा आवाज ऐकला नाही. तिने एकदा मागितला होता, मी दिला नाही.

मी जलीलाच्या हातातून फोन घेतला. कुठे तोंड धरायचं ते तिने दाखवलं. मी म्हणालो, ‘मी तैयब. तो माणूस आला होता. मला दिसत नाही.’ तीन वाक्यं. घसा आतून सोलल्यासारखा झाला. खिडकीतली बाई खाली बघत होती. रांगेतले लोक वळून बघत होते, निदान समोरचे तरी.

जलीला म्हणाली, ‘कळलं त्यांना.’ मी विचारलं, ‘कसा होता?’ तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘घसा बसलेल्या माणसासारखा. पण मोठा होता.’

म्हणजे ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितली ती एका अनोळखी कंपनीला. तुझ्या आधी. याचा राग तू धरशील, धर.

नेजी सोमवारपासून पुन्हा घरोघरी जातो. मी त्याला घरी बोलावलं होतं, आला नाही. काम होतं म्हणे. त्याचं बरोबर आहे.

आता ओरानचं. तू म्हणशील, आता तरी ये. आता तर मुळीच नाही. या जिन्याच्या पायऱ्या माझ्या पायांना पाठ आहेत, कपाट कुठे आणि मीठ कुठे हे हाताला माहीत आहे. तुझ्या घरी मी प्रत्येक दाराला धडकेन आणि तुम्ही दोघं प्रत्येक वेळी धावाल. अंधार पडणारच असेल तर ओळखीच्या घरात पडू दे.

तैयब


ओरान, १६ जानेवारी

प्रिय दादा,

मी चिडलेली आहे, आणि या वेळी शांत होण्याची वाट न बघता लिहिते आहे. दोन वर्षं. तू दोन वर्षं मला बुटांच्या कामाचं ‘चाललं आहे’ लिहीत होतास आणि मी हुआरीला सांगत होते की दादाला या वयातही किती कामं येतात. मला हे एका चहाच्या पेल्यावरून कळावं? तू रस्ता कसा ओलांडतोस? सुरी अजून घरात आहे का? हे सगळं मी काल विचारलं असतं, पण तू पुन्हा इतक्या आनंदाने लिंबाच्या झाडाकडे वळलास की मला धीर झाला नाही.

ओरानला येऊ नकोस. तुझं उत्तर वाचलं. पटलेलं नाही, पण पुन्हा विचारणार नाही. मीच येते. शाळेतून रजा घेतली आहे. चार फेब्रुवारीला विमानाने ट्युनिसला, तिथून पुढे गाडीने. पोचायला अंधार पडेल, तेव्हा तू मला घ्यायला यायचं नाहीस. जलीला येईल, तिच्याशी माझं ठरलं आहे. हो, आम्ही दोघी एकमेकींना लिहितो. याचा राग तू धरशील, धर.

मी दीड महिना राहणार आहे. बाबा मब्रूका आत्याच्या हातांत बोलायचे ते मला आठवतं, निदान बरंचसं. तुला अजून दिसतंय तोवर आपण ते शिकून घेऊ, म्हणजे चुकलं तर दुरुस्त करता येईल. जलीलाही बसणार आहे आपल्याबरोबर. तुला कंटाळा येईल, तू वैतागशील, मी तुला ओळखते. तरी बसायचं. नेजीकडे मी स्वतः जाणार आहे. त्याच्याबद्दलचं पत्र मी लिहिलं होतं, तू नाही. त्याने दार उघडलं नाही तरी जाणार.

आता एक गोष्ट उरली, ती मी फोनवर सांगितली नाही. आत्याला झालं, तुला झालं, तर मला का नाही, म्हणून हुआरी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. अर्धा दिवस मला अंधारात बसवून यंत्रांत बघायला लावलं, दिवे दाखवले, कुठला दिसतो त्याला बोट वर करायचं. सगळ्यांना बोट वर केलं. डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ‘काहीही नाही. निश्चिंत राहा.’

मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. हुआरीला वाटलं, वाईट बातमी आहे. त्याने कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला. ‘मग रडतेस का?’ असं तो विचारत राहिला. त्याला कसं सांगू. लहानपणी गोवर आला तो दोघांना, बहिरेपण दोघांना, शाळेतला मार दोघांना, आईने एक संत्रं दिलं तरी तू सोलून अर्धं माझ्यासमोर ठेवायचास. हे एकच तू सगळं एकट्याने घेतलंस.

तुझी,
मोंजी